फोल्डिंग सायकल घ्यावी का मोठीच बरी? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

या महिन्यात आलेल्या पत्रांमध्ये फोल्डिंग सायकलबद्दलचे प्रश्न इतके आहेत की बाकी सगळं पुढच्या अंकात ढकललंय. मी स्वतः गेली नऊ वर्षं पुण्यात २० इंची चाकाची फोल्डिंग वापरतोय आणि घरात एक मोठी हायब्रिडसुद्धा (रोड बाईक आणि माउंटन बाईक यांच्या मधली) आहे, त्यामुळे दोन्हीकडचं बरंवाईट रोजच्या वापरातून माहिती आहे. पत्रं थोडी छोटी करून खाली देतोय.

प्रश्न : नमस्कार दादा, मी चिंचवडला राहतो आणि ऑफिस सेनापती बापट रोडला आहे. घरापासून पीसीएमसी मेट्रो स्टेशन साडेतीन किलोमीटर, तिथून शिवाजीनगरपर्यंत मेट्रो आणि पुढे परत अडीच-तीन किलोमीटर. दोन्हीकडे रिक्षा करतो आणि त्यातच पगाराचा चांगला लचका जातो. घरी सात वर्षं जुनी गिअरची मोठी सायकल आहे. आता फोल्डिंग घ्यायचा विचार आहे पण ऑफिसमधले म्हणतात ती खेळण्यातली सायकल, महिन्याभरात कंटाळशील. फोल्डिंग खरंच मोठ्या सायकलची जागा घेऊ शकते का? (एक वाचक, चिंचवड)

उत्तर : तुमच्यासाठी उत्तर हो असंच येईल असं वाटतंय, पण पैसे टाकायच्या आधी एक काम करा.

फोल्डिंग सायकलकडे बघताना सगळे ती चालवायला कशी आहे तेच विचारतात. पण घडीचा उपयोग आपण सायकलवर बसलेलो नसताना असतो, म्हणजे मेट्रोत, लिफ्टमध्ये, ऑफिसच्या टेबलाखाली, गाडीच्या डिकीत, घरातल्या दाराआडच्या कोपऱ्यात. त्यामुळे मी कोणालाही पहिला प्रश्न हाच विचारतो की दिवसातनं किती वेळा घडी घालणार? तुमच्या बाबतीत मेट्रोत शिरताना एकदा, ऑफिसमध्ये एकदा, येताना परत मेट्रोत आणि घरी पोचल्यावर, म्हणजे रोज चार वेळा. एवढी घडी होणार असेल तर फोल्डिंग आपले पैसे वसूल करून देते. रोज घरून ऑफिस आणि ऑफिसहून घर एवढंच सरळ सायकलवर जाणार असता आणि दोन्हीकडे लावायला जागा असती तर मी सरळ नको म्हणून सांगितलं असतं, कारण त्याच पैशात मोठी सायकल एक पायरी वरची येते, बिजागऱ्यांची भानगड नाही आणि रस्त्यावर जास्त स्थिर.

लंडनला माझा मावसभाऊ राहतो, त्याच्याकडे ब्रॉम्प्टन कंपनीची फोल्डिंग सायकल आहे. तिथल्या ट्यूबमध्ये (भुयारी मेट्रोत) गर्दीच्या वेळी, म्हणजे सकाळी साडेसात ते साडेनऊ आणि संध्याकाळी चार ते सात, मोठी सायकल चालत नाही, आणि खोल बोगद्यातल्या भागात तर कुठल्याच वेळी नाही, पण घडी घातलेली सायकल कधीही न्या. ब्रॉम्प्टन जन्मलीही त्याच शहरात. अँड्र्यू रिची नावाच्या इंजिनिअरने १९७५ च्या सुमारास स्वतःच्या फ्लॅटमध्ये बसून ती डिझाईन केली, खिडकीसमोर ब्रॉम्प्टन ऑरेटरी नावाचं चर्च होतं म्हणून हे नाव, आणि नियमित उत्पादन सुरू व्हायला १९८८ उजाडलं. बाराएक वर्षं एकाच घडीवर माणूस काम करत राहिला, मला त्याचं फार अप्रूप वाटतं. १६ इंची चाकं, घडी घातली की साधारण ५८ बाय ५६ बाय २७ सेंटिमीटरचं गाठोडं. एवढी आटोपशीर घडी त्या शहराला हवी होती म्हणून ती तिथे चालली.

आता आपल्याकडे बघा. पुणे मेट्रोत अख्खी सायकलसुद्धा नेऊ देतात. म्हणून म्हणतोय, आधी दोन आठवडे तुमची जुनी सायकल घेऊन हाच प्रवास करून बघा. सर्व्हिसिंग करा, हवा भरा आणि निघा. सकाळी नऊच्या आतली गाडी मिळत असेल आणि ऑफिसात सायकल ठेवायला सुरक्षित जागा असेल तर कदाचित तुम्हाला नवीन काही घ्यायची गरजच पडणार नाही. पण साडेनऊच्या गर्दीत पावणेदोन मीटर लांबीची सायकल घेऊन उभं राहिलं की चार लोकांची जागा जाते, हँडल कोणाच्या तरी बॅगेत अडकतं, प्रत्येक स्टेशनला दार उघडलं की ती इकडून तिकडे फिरवायची, आणि आपल्यालाच अवघडल्यासारखं होतं. शिवाजीनगर स्टेशन जमिनीखाली आहे, वर यायला लिफ्टची लाईन लागते, त्यात मोठी सायकल उभी करून घुसवायची म्हणजे कसरतच. या दोन आठवड्यांत हे सगळं तुम्हाला स्वतःलाच कळेल आणि मग फोल्डिंग घेतली तर ती का घेतली हे पक्कं माहिती असेल.

फोल्डिंगचीही एक अडचण आधीच सांगून ठेवतो, ती म्हणजे वजन. जाहिरातीत घडी घातलेली सायकल सुटकेससारखी उचललेली दाखवतात. आपल्याकडे जी मध्यम किमतीची २० इंची मिळते ती १३ ते १५ किलोची असते. दहा किलोची तांदळाची पिशवी आणि वर चार-पाच किलो, तेही एका हातात, आणि पिशवीसारखं अंगाला चिकटत नाही, पेडल पोटरीला लागतं. शिवाय बऱ्याच सायकलींची घडी अशी पडते की चेन बाहेरच्या बाजूला येते, आणि उचलताना ती नेमकी पॅंटला घासते. मी पहिल्या आठवड्यात दोन पॅंटी घालवल्या. दुकानात घडी कशी घालतात ते सेल्समन दाखवेलच, ते दहा सेकंदांत होतं. पण तुम्ही ती घडी घातलेली सायकल उचलून दुकानातच वीस-बावीस पायऱ्या चढा आणि उतरा, दुकानात जिना नसेल तर शेजारच्या बिल्डिंगचा वापरा. घडी घातल्यावर ती ढकलत नेता येते का तेही बघा. काहींची सीटची दांडी खाली सरकवून त्यावर टेकवता येते, काहींना मागे छोटी चाकं असतात, काहींमध्ये सीट वर ठेवून हातगाडीसारखी ओढता येते. मेट्रो स्टेशनच्या फरशीवर उचलण्यापेक्षा ढकलणंच जास्त होतं, त्यामुळे ही गोष्ट गिअर किती आहेत यापेक्षा महत्त्वाची.

खेळण्यातली सायकल म्हणणाऱ्यांना काही सांगायला जाऊ नका. साडेतीन अधिक तीन किलोमीटर हे अंतर तिला काहीच नाही. मी एका दिवसात पस्तीस-चाळीस किलोमीटर केलेत. पण चालवताना दोन फरक लगेच जाणवतील. एक म्हणजे हँडल हलकं लागतं, एका हाताने सिग्नल द्यायला गेलं की पुढचं चाक लचकतं, आठ-दहा दिवसांत हाताला सवय होते. आणि दुसरा खड्डा.

खड्ड्याचं मी एकदा कागदावर गणित मांडून बघितलं. २० सेंटिमीटर रुंदीचा खड्डा धरला तर मोठ्या सायकलचं ७०० सी मापाचं चाक त्यात साधारण दीड सेंटिमीटर उतरतं, २० इंची चाक दोन सेंटिमीटरच्या वर जातं आणि १६ इंची अडीच. ऐकायला फरक छोटा वाटतो पण प्रत्येक खड्ड्याला तो हातात येतो, आणि खड्डा त्याहून रुंद असला तर फरक अजून वाढतो. शिवाय छोटं चाक खड्ड्याच्या कडेवर जास्त उभ्या कोनात आदळतं. म्हणून आपल्या रस्त्यांना १६ इंची मी सुचवत नाही, २० इंचीच घ्या, टायर दीड इंचापेक्षा बारीक नको, आणि हवा अगदी दगडासारखी टाईट मारू नका.

प्रश्न : मी ठाण्यात वन बीएचकेमध्ये राहते. घरापासून स्टेशन दोन किलोमीटर, तेवढ्यासाठीच सायकल हवी आहे. मोठी सायकल ठेवायला घरात जागा नाही आणि सोसायटीच्या पार्किंगमधून आधीची चोरीला गेली. यांचं म्हणणं असं की चाक छोटं म्हणजे पाय दुप्पट मारावे लागणार, त्यापेक्षा चालत जा. खरंच असं असतं का? आणि लोकलमध्ये नेता येईल का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : ताई, पाय दुप्पट मारावे लागत नाहीत, पण तुमच्या मिस्टरांचं म्हणणं अगदीच चुकीचंही नाही, ते कुठली सायकल घेता त्यावर आहे.

एकदा पेडल फिरवलं की सायकल किती पुढे जाते हे चाकाच्या घेरावर आणि पुढच्या-मागच्या दातांवर ठरतं. मोठ्या सायकलच्या चाकाचा घेर सव्वादोन मीटरच्या थोडा आत, २० इंचीचा दीड मीटरच्या जरा वर. मोठ्या सायकलला पुढे ४२ दात आणि मागे १६ असतील तर एका फेरीत ती साडेपाच मीटरच्या थोडी वर जाते. फोल्डिंगला मुद्दाम पुढची चकती मोठी देतात, ५२ दातांची बऱ्याच ठिकाणी दिसेल, आणि मागे १४ लावलं की तीही बरोबर तेवढंच अंतर जाते. पाय तेवढेच, अंतर तेवढंच. पण स्वस्तातल्या काही सायकलींना लहान मुलांच्या सायकलची ४४ किंवा त्याहूनही छोटी चकती टाकलेली असते, मागे १६, मग एका फेरीला जेमतेम सव्वाचार मीटर. ती चालवली की खरंच पाय नुसते गरागरा फिरतात आणि सायकल जागची हलत नाही असं वाटतं, आणि ज्याने ती चालवून बघितली तो सगळ्याच फोल्डिंगना नावं ठेवतो. दुकानात चकतीवरचे दात मोजा, लाज वाटून घेऊ नका, एका दाताला खडूने खूण करा आणि मोजत जा.

उलट छोट्या चाकाचा एक फायदा कोणी सांगत नाही. सिग्नल सुटला की ती पटकन उचलते. ठाण्यातल्या स्टेशन रोडसारख्या ठिकाणी, जिथे दर शंभर मीटरला थांबायचं आणि परत निघायचं, तिथे मला स्वतःला मोठीपेक्षा छोटीच आवडते.

लोकलचं मात्र विसरा. साडेआठच्या फास्टमध्ये माणूस स्वतः कसाबसा आत जातो, तिथे तुम्ही ही १४ किलोची वस्तू घेऊन चढावं असं मी कधीच सांगणार नाही, तुमच्याही दृष्टीने धोका आणि शेजारच्या बायकांच्याही. मग तुमची सायकल दिवसभर स्टेशनजवळच कुठेतरी राहणार. पे अँड पार्कमध्ये लावा, आणि दोन कुलपं, एक फ्रेम आणि मागचं चाक मिळून खांबाला, दुसरं पुढच्या चाकाला. सीटची दांडी क्विक रिलीजची असते, म्हणजे लिव्हर उघडून कोणीही दांडीसकट सीट घेऊन जाईल, त्यामुळे तिथे साधा नटबोल्टवाला क्लॅम्प बसवून घ्या, किंवा सीट काढून बरोबर न्या.

तेव्हा तुमच्यासाठी घडी फक्त घरात कामाची. तरीही मी घ्या म्हणेन, कारण चोरी एकदा झालीये आणि सायकल घरात आली तरच रात्री नीट झोप लागेल. घडी घातल्यावर २० इंची सायकल साधारण ८० सेंटिमीटर लांब, ६५ उंच आणि ४० रुंद होते. घरी टेप घेऊन दाराआड, बेडच्या बाजूला, बाल्कनीत वॉशिंग मशिनशेजारी मोजून बघा. वर्तमानपत्र त्या मापाचं कापून जमिनीवर आठवडाभर ठेवा आणि घरातले त्याला अडखळतात का बघा, आम्ही घरी असंच केलं होतं. आणि खरं सांगायचं तर बऱ्याचदा तुम्ही घडी घालणारही नाही, कारण न घालताही ही सायकल दीड मीटरच्या आसपासच असते, सोसायटीच्या लिफ्टमध्ये सहसा तशीच मावते, मोठी सायकल मागच्या चाकावर उभी करावी लागते.

प्रश्न : मला एकच सायकल घ्यायची आहे. रोज कॉलेजला पाच किलोमीटर आणि रविवारी मित्रांबरोबर पन्हाळा, कधी आंबा घाट. फोल्डिंग घेतली तर दोन्ही होईल का? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : नको. मोठी घे.

चढ चढायला अडचण नाही, गिअर असतील तर छोट्या चाकावर चढ उलट बरा वाटतो. माझी काळजी उताराची आहे. घाट उतरताना सतत ब्रेक धरावा लागतो आणि रिमवर घासणारे ब्रेक असतील तर ती सगळी उष्णता रिममध्ये जाते. छोटी रिम म्हणजे धातू कमी, त्यामुळे ती लवकर तापते. त्यात वेगात हलकं हँडल, उंच उभी दांडी, मध्ये बिजागरी, आणि वळणावर खडी. मोठ्या सायकलवर जी छोटी चूक खपून जाते ती इथे खपत नाही. आणि मित्र सगळे मोठ्या सायकलींवर असणार, दर रविवारी तू त्यांच्या मागे राहशील, चार रविवारनंतर जाणं बंद करशील. पन्हाळ्याच्या वाटेवरची सकाळ अशी सोडून देण्यासारखी नाही रे.

तू पत्रात २६ इंची चाकाच्या फोल्डिंगबद्दलही विचारलंयस, ती जाड टायर, मॅग व्हील (तारांऐवजी जाड दांड्यांचं ओतीव चाक) आणि मधोमध घडीवाली. घडी घालणारी मोठी सायकल ही कल्पना जुनी आहे, दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश पॅराट्रूपर्ससाठी बीएसए कंपनीने मोठ्या चाकाची घडीची सायकल बनवली होती, विमानातून माणसाबरोबर ती खाली यायची. चांगल्या कंपन्या आजही तशा बनवतात. पण आपल्याकडे ऑनलाईन जी स्वस्तात मिळते ती मी उचलून बघितलीये, भयंकर जड आहे, आणि घडी घातल्यावरही चाक २६ इंचाचंच राहतं त्यामुळे जागा फारशी वाचत नाही. घडीच्या नादात जड सायकल पदरात पडते. तुझ्या बजेटमध्ये साधी, गिअरची, बिनघडीची हायब्रिड घे.

प्रश्न : मी मूळची साताऱ्याची, नोकरीनिमित्त बेंगळुरूला असते. इथल्या मेट्रोत फोल्डिंग सायकल चालते असं ऐकलंय. कुठलीही घेतली तर चालेल का? (एक वाचक, बेंगळुरू)

उत्तर : कुठलीही नाही, आणि हे घ्यायच्या आधी विचारलंत ते फार बरं केलंत. नम्मा मेट्रोने जून २०२२ मध्ये घडीच्या सायकलींना परवानगी दिली, वेगळं तिकीट नाही, शेवटच्या डब्यात चढायचं. पण त्याबरोबर मापही सांगितलं होतं, ६० बाय ४५ बाय २५ सेंटिमीटर आणि वजन १५ किलोपर्यंत. आता वर ठाण्याच्या ताईंना दिलेलं २० इंचीचं माप आठवा, ८० बाय ६५ बाय ४०. म्हणजे सर्रास मिळणारी २० इंची त्या मापात बसतच नाही, आणि ब्रॉम्प्टनसारखी १६ इंचीसुद्धा कागदावर बसत नाही. रोज गेटवर कोण किती काटेकोर बघतं हा वेगळा भाग, पण रोजच्या नोकरीचा प्रवास सिक्युरिटीच्या मर्जीवर टाकू नका. ज्या स्टेशनवरून जाणार तिथे जाऊन नेमक्या मॉडेलचं माप दाखवून विचारा. एखाद्या ओळखीच्या माणसाकडे तीच सायकल असेल तर एक दिवस मागून घेऊन प्रत्यक्ष जाऊन बघा, स्कॅनरमध्ये जाते का तेही कळेल.

आणि जमत नसेल तर दुसरा मार्ग आहे. हॉलंडमध्ये कितीतरी लोक एक सायकल घराजवळच्या स्टेशनवर आणि दुसरी, जुनी, ऑफिसजवळच्या स्टेशनवर ठेवतात. दोन जुन्या सेकंडहॅंड सायकली मिळून एका चांगल्या फोल्डिंगपेक्षा कमी पैसे जातात.

प्रश्न : सेकंडहॅंड फोल्डिंग मिळतेय, तीन वर्षं वापरलेली, अर्ध्या किमतीत. घेताना काय बघावं? (एक वाचक, पुणे)

उत्तर : सेकंडहॅंड फोल्डिंग ही चांगली गोष्ट आहे, कारण खूप जण हौसेने घेतात आणि मग ती गॅलरीत पडून राहते. पण मोठ्या सायकलचं जसं चेन, ब्रेक, चाकाचा आऊट (चाक वाकडं फिरतं का ते) बघून घेतो तेवढ्यावर ही घेऊ नका. हिचा जीव बिजागऱ्यांमध्ये आहे, फ्रेमच्या मधली एक आणि हँडलच्या दांडीच्या बुडाशी एक.

हँडलच्या दांडीचं मी मुद्दाम सांगतो कारण माझ्यावर बेतलं होतं. नवीन सायकल, दुकानदाराने घडी घालून दाखवली, उघडून दाखवली, पण लिव्हर बंद केल्यावर तिच्यावर एक छोटी खिट्टी असते आणि ती टक् करून बसली पाहिजे हे कोणी सांगितलं नाही. तिसऱ्याच दिवशी घाईत लिव्हर बंद केली, खिट्टी बसली नव्हती. म्हात्रे पुलावर मधल्या जोडावरून चाक गेलं आणि हँडल हातातच पुढे झुकलं, म्हणजे मी ब्रेक धरलाय आणि हँडल माझ्यापासून लांब जातंय. वेग कमी होता, मागे गाडी नव्हती, गुडघ्यावर निभावलं. तेव्हापासून आजपर्यंत निघायच्या आधी उभं राहून हँडल दोन्ही हातांनी जोरात पुढे-मागे हलवल्याशिवाय मी पेडलवर पाय ठेवत नाही, आणि ज्यांच्या हातात मी ही सायकल दिलीये त्या सगळ्यांना आधी हे शिकवलंय. तुम्हीही घरात ज्याला चालवायला द्याल त्याला हे दाखवा, लहान मुलांना तर नक्कीच.

तर बघायचं असं. सायकल उघडून सगळ्या लिव्हर लावा, पुढचा ब्रेक घट्ट दाबून धरा आणि सायकल पुढे-मागे ढकला. दांडीच्या बुडाशी बोट ठेवा. तिथे कटकट जाणवली तर प्ले, म्हणजे ढिलेपणा, आलाय. थोडा असेल तर लिव्हरच्या आतला बोल्ट पाव फेरी आवळून जातो, त्यानेही गेला नाही तर सोडून द्या, कितीही स्वस्त असली तरी. मग फ्रेमच्या बिजागरीजवळ, जिथे वेल्डिंग आहे तिथे, फडक्याने धूळ पुसून मोबाईलच्या टॉर्चने बघा. रंगात केसाएवढी बारीक रेघ दिसली तर तो ओरखडा असेल किंवा तडा असेल, नखाने चाचपा, शंका राहिली तर घेऊ नका. सीटची दांडी पूर्ण वर काढून बघा, तिच्यावर किमान किती आत राहिली पाहिजे याची खूण असते. तुमच्या उंचीला सीट नीट बसवल्यावर ती खूण बाहेर दिसत असेल तर ती सायकल तुमच्या मापाची नाही. फोल्डिंग एकाच साईझमध्ये येतात, सगळ्यांना बसतात असं म्हणतात, पण सहा फुटी माणसाला हँडल जवळ पडतं आणि गुडघे वर येतात. वजनाची मर्यादाही बघा, बऱ्याच सायकलींवर १०० ते ११० किलो लिहिलेली असते आणि त्यात तुमची बॅगही धरायची.

आणि टायर. टायरच्या बाजूला बारीक अक्षरात आकडा असतो, उदाहरणार्थ ४७-४०६. त्यातला दुसरा आकडा महत्त्वाचा. ४०६ असेल तर बिनधास्त घ्या, बीएमएक्स (कसरतीच्या छोट्या सायकली) आणि पोरांच्या २० इंची सायकलींचं तेच माप आहे, त्यामुळे टायर-ट्यूब तालुक्याच्या दुकानातही मिळते. ४५१ असेल तर तेही २० इंचीच म्हणून विकतात पण ट्यूब-टायर शोधत फिरावं लागतं. १६ इंचीमध्येही असंच, ३०५ पोरांच्या सायकलचं माप म्हणून मिळतं, ३४९ मागवावं लागतं. हे न बघता घेतलेल्या एका मित्राची सायकल टायर फाटल्यावर पाच आठवडे उभी होती.

प्रश्न : माझी आई ६२ वर्षांची आहे, नाशिकला असते, पूर्वी लेडीज सायकल चालवायची. आता परत चालवायची म्हणतेय, गुडघ्यामुळे टांग टाकता येत नाही. फोल्डिंग चालेल का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : आईंना माझा नमस्कार सांगा, फार आनंद झाला वाचून. फोल्डिंगची फ्रेम खाली असते, पाय फार उचलावा लागत नाही आणि सीट इतकी खाली येते की बसल्या बसल्या दोन्ही पाय जमिनीला टेकतात, त्यामुळे भीती निम्मी जाते. सुरुवातीला सीट तशीच खाली ठेवा, विश्वास आला की एकेक बोट वर घ्या, कारण कायम खाली ठेवली तर गुडघा जास्त दुमडतो आणि दुखतो. डॉक्टरांना मात्र एकदा विचारून घ्या.

पण घडी त्यांना लागणार आहे का? बंगला किंवा तळमजला असेल तर खाली फ्रेमची साधी लेडीज सायकल बघा, चाक मोठं आणि हँडल शांत, त्यांच्या हाताला ओळखीचं वाटेल. फ्लॅट असेल किंवा तुम्ही गाडीच्या डिकीत टाकून त्यांना गोदापार्कला नेणार असाल तर फोल्डिंग. तेव्हा घडी घालायचं आणि उचलायचं काम तुमचं, त्यांना उचलू देऊ नका. पहिले आठ दिवस मोकळ्या मैदानात, सकाळी लवकर, आणि हँडल हलवून बघायचं ते म्हात्रे पुलावालं त्यांनाही शिकवा.